आईच्या खोलीची खिडकी आणि सातवीण: तोडू, छाटू की राहू देऊ?

गिरणाकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

राम राम मंडळी. विषय घरगुती आहे, पण घरात त्यावरून तीन पक्ष पडलेत, म्हणून इथे मांडतो.

जळगावात आमचं बैठं घर आहे. आईच्या खोलीला एकच खिडकी, ती पश्चिमेला. खिडकीपासून सातेक फुटांवर कंपाउंडच्या आत सातवीण आहे (सप्तपर्णी म्हणतात तीच). २००८ साली आण्णांनी लावली. नर्सरीवाल्याने सांगितलं होतं, "शोभेचं झाड आहे, छत्रीसारखं राहतं, फार वाढत नाही." आज ते गच्चीच्या वर दहा-बारा फूट गेलंय, आणि खालच्या फांद्या इतक्या झुकल्यात की खिडकी उघडली तर पानं आत येतात.

आई ७४ वर्षांची आहे. तिला गोधड्या शिवायचा नाद. दुपारी तीन वाजता सुईत दोरा ओवायला ट्यूब लावावी लागते. परवा म्हणाली, "मी घरात राहते का विहिरीत?" ती म्हणते तोडा.

बायको पण म्हणते तोडा, पण कारण वेगळं. ऑक्टोबरात फुलं आली की संध्याकाळनंतर तो उग्र वास घरभर पसरतो आणि तिचं डोकं चढतं. शिवाय गच्चीच्या त्या कोपऱ्यावर सावली पडते, म्हणून यंदा बिबड्या (ज्वारीचे पापड) शेजारच्यांच्या गच्चीवर वाळवाव्या लागल्या. हा मुद्दा आमच्याकडे हलका समजू नये.

धाकटा भाऊ सुरतला असतो. तो फोनवर सांगतो, "आण्णांनी लावलंय, हात लावायचा नाही." सुरतेत बसून भूमिका घेणं सोपं असतं.

मला स्वतःला काय वाटतं ते कळत नाही. आण्णा जाऊन पाच वर्षं झाली. रोज सकाळी त्या झाडाला पाणी घालताना ते दिसायचे, एवढं खरं.

आणखी एक, पानांवर चामखिळीसारखे हिरवे फोड आलेत, बोट फिरवलं की खरखर लागतात. झाड आजारी असेल तर निर्णय सोपा होईल असं मनात येऊन गेलं, लपवत नाही.

अमळनेरकर | ११ फेब्रुवारी, रात्री १०:०५

तोडा आणि मोकळे व्हा. माणसापेक्षा झाड मोठं नाही. आईला उजेड हवाय, विषय संपला.

खापरावरची पोळी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:२२

भाऊ, तोडानं पहिले एक डाव मे महिना याद कर. पश्चिमनी खिडकी, जळगावनं ऊन. झाड गयं तर मंग दुपारले त्या खोलीमा कोन बठी?

भुसावळचे मास्तर | ११ फेब्रुवारी, रात्री ११:१०

वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. माझीच गोष्ट सांगतो, म्हणजे तुमची फसगत होणार नाही.

आमच्याकडे पश्चिमेला गुलमोहर होता. पानगळ झाली की महिनाभर बारीक पानांचा सडा, पन्हाळी तुंबायची, रोज झाडलोट. वैतागून तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रीतसर परवानगी काढून तोडला. मार्चमध्ये खोलीत लख्ख उजेड आला, सगळे खूश. एप्रिलमध्ये पडदा लावला. मेमध्ये जाड पडदा लावला. पारा ४५ च्या पुढे गेला तेव्हा त्या भिंतीला रात्री अकरालाही हात लावून ठेववत नव्हता. कूलर लावला, तो गरमच हवा फेकायला लागला, शेवटी एसी घेतला. आता खिडकीबाहेर नर्सरीतली हिरवी नेट बांधलीय, आणि खोलीत पुन्हा अंधारच आहे. फरक इतकाच की आधी अंधाराचं वीजबिल येत नव्हतं.

वांग्याचं भरीत | ११ फेब्रुवारी, रात्री ११:३१

शेवटच्या वाक्याला साष्टांग, मास्तर.

रोखठोक | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

एवढा काथ्याकूट कशाला? बुंध्याला गिरमिटाने दोन-चार भोकं पाडा, हिंग भरा, वरून ॲसिड. सहा महिन्यांत वाळतं. मग "वाळलंय, धोकादायक आहे" म्हणून अर्ज. आमच्या कॉलनीत दोघांनी केलंय.

वकीलीण बाई | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

@रोखठोक, असले सल्ले जाहीर देऊ नका. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यात "झाड तोडणे" याची व्याख्याच अशी आहे की जाळणं, कापणं किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं हे सगळं तिच्यात येतं. भोकं पाडून ॲसिड ओतणं त्याच व्याख्येत बसतं. झाड तुमच्या स्वतःच्या प्लॉटवर आहे म्हणून सूट मिळत नाही.

धागाकर्त्यांसाठी: पूर्ण तोडायचं असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. अर्जात कारण लिहावं लागतं, झाडावर नोटीस डकवतात, वर्तमानपत्रात जाहिरात येते, लोकांना हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची अट आहे. तुमचं झाड २००८ चं, लावलं तेव्हाचं रोप वर्षभराचं धरा आणि करा हिशोब. एवढी रोपं कुठे लावणार, याचं उत्तर अर्ज करण्याआधीच शोधून ठेवा. छाटणीचा अर्जही महापालिकेत देता येतो, तो द्या आणि पोच घ्या. शेजारी कितीही चांगले असले तरी करवतीचा आवाज आला की कोणीतरी फोटो काढतंच.

रोखठोक | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

बरं बाई. मागे घेतो.

सिव्हिल धुळे | १२ फेब्रुवारी, दुपारी १:३०

कायदा झाला, आता पाया. तुमचा भाग काळ्या मातीचा असेल तर हे नीट वाचा.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती तुमच्या पायाखाली आहे. सात फुटांवरचं मोठं झाड त्या मातीतलं पाणी आणखी ओढतं, म्हणून झाडाकडच्या बाजूचा पाया जरा जास्त खचू शकतो. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं आणि म्हणून ते झाड तोडतात.

पण उलटंही होतं. इतकी वर्षं ओढलेलं पाणी अचानक ओढायचं थांबलं की पावसाळ्यात ती माती पुन्हा भिजून फुगते आणि पाया वर उचलला जातो. म्हणजे झाड ठेवून न पडलेली भेग झाड तोडल्यावर पडू शकते. दरवेळी पडतेच असं नाही. पाया किती खोल आहे, खाली मुरूम लागला होता का, यावर सगळं आहे.

तुम्ही एवढं करा. खिडकीच्या चारही कोपऱ्यांतून तिरप्या जाणाऱ्या भेगा आहेत का बघा. असतील तर भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा रुपयाएवढा ठिपका लावा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. ठिपका तडकला तर भेग हलतेय. नुसत्या केसासारख्या आडव्या-उभ्या रेघा असतील तर तो गिलाव्याचा दोष, झाडाला उगाच आळ देऊ नका.

आणि ड्रेनेजचं चेंबर त्या बाजूला आहे का? मुळं धडक पाइपात शिरत नाहीत, जिथे सांधा आधीच गळतोय तिथे ओल शोधत शिरतात.

गिरणाकाठ | १२ फेब्रुवारी, रात्री ८:२०

चेंबर पूर्वेला आहे, सुटलो. भेगा बघितल्या, केसासारख्या आहेत. पाया भरताना मुरूम लागला होता असं आई सांगते. तिला त्या वेळी पाण्याचा टँकर कितीला पडला तेही पाठ आहे.

नकाशा आणि वही | १२ फेब्रुवारी, रात्री ९:०५

भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून बोलायचा मोह आवरत नाही.

तुम्ही आत्ता फेब्रुवारीत खिडकीत उभं राहून मे महिन्याचा निर्णय घेऊ नका. आत्ता सूर्य पश्चिमेच्या डावीकडे, म्हणजे नैर्ऋत्येकडे मावळतो. मेमध्ये तो पश्चिमेच्या उजवीकडे मावळेल. जळगाव २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेअखेरीपासून साधारण जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारी सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. म्हणजे आज जी फांदी ऊन अडवतेय ती मेमध्ये कामाची असेलच असं नाही, आणि आज जी निरुपयोगी वाटते तीच मेमध्ये तुमची छत्री असेल.

दुसरं, दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा फारसा कामाचा नाही, कारण तिसऱ्या प्रहरी ऊन तिरपं येऊन छज्ज्याखालून आत घुसतं. तिथे झाडच लागतं.

एक काम करा. उद्या सकाळी ९, १२, ३ आणि ५ ला आईच्या खुर्चीत बसा (आईला दुसरीकडे बसवून) आणि खिडकीतून आकाश कुठे दिसतं ते वहीत काढा. आकाश दिसतं तिथूनच उजेड येतो. समोर काय आहे तेही लिहा.

चोपड्याचा बागवान | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

फोडांबद्दल आधी. सातविणीच्या पानांवर ते बहुतेक सगळीकडे असतात. एक बारीक किडा पानात अंडी घालतो, त्याभोवती पान गाठ धरतं. दिसायला घाण, पण मोठं झाड त्याने मरत नाही. फवारणीच्या भानगडीत पडू नका, गळलेली पानं गोळा करा. झाड आजारी नाही, तुमची पळवाट बंद.

आता कामाचं. सातवीण माझ्या आवडीचं झाड, कारण छाटणाऱ्याला ती स्वतःच वाट दाखवते. तिच्या फांद्या खोडावर एकाच उंचीवर गोल निघतात, मग दोन-अडीच हात नुसतं खोड, मग पुन्हा गोल फांद्या. मजल्यांच्या इमारतीसारखं. तुमच्या खिडकीला आडवा येतोय तो बहुतेक सगळ्यात खालचा एकच मजला. तेवढा काढायचा, वरचे मजले सावलीला ठेवायचे. शेंडा मात्र कोणी कितीही म्हणो, छाटायचा नाही. शेंडा मारला की तिथून झाडूसारखे फुटवे फुटतात, आधीपेक्षा दाट आणि बुडाशी कच्चे. वादळात तेच पडतात. लाकूड मुळात मऊ आणि ठिसूळ, म्हणून आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोकाही सातविणीला बांधू नये, त्याला कडुलिंबच बरा.

फांदी कशी कापायची ते माणसांना उभं राहून सांगा, नाहीतर ते वरून एक घाव घालतात, फांदी आपल्या वजनाने लोंबते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. आधी खोडापासून एक हात सोडून खालून करवत लावायची, तिसरा हिस्सा कापायचा. मग त्याच्या थोडं पुढे वरून कापायचं, फांदी साफ गळते. उरलेला खुंट शेवटी काढायचा. फांदी खोडातून निघते तिथे साल जराशी फुगीर, सुरकुतलेली असते. ती फुगार खोडाला राहू द्यायची, तिच्या लगेच पुढे कापायचं. तिथूनच जखम भरते. खुंट ठेवला तर तो कुजतो, खोडाला घासून कापलं तर जखम भरत नाही.

कापल्यावर पांढरा चीक गळतो. डोळ्यात जाऊ देऊ नका, चष्मा लावा, जुने कपडे घाला.

एका वेळी पाव हिश्श्यापेक्षा जास्त पाला काढायचा नाही. आत्ता उन्हाळा तोंडावर आहे, झाड एकदम उघडं केलं तर इतकी वर्षं सावलीत असलेली साल उन्हाने भाजते. आणि आधी घरटी बघा.

अमळनेरकर | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची ना? आम्ही डाळिंबाला लावतो.

चोपड्याचा बागवान | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

डाळिंबाला लावा, तिथे रोगाचं गणित वेगळं. इथे कोरड्या हवेत घाव साफ असला तर न लावताही भरतो. डांबर किंवा ऑइलपेंट तर मुळीच नको, खाली ओल कोंडते. मनाच्या समाधानासाठी बोर्डो लावलीत तर मी भांडणार नाही.

शाळेची पाटी | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:००

अवांतर: सातविणीच्या शास्त्रीय नावात "स्कॉलॅरिस" आहे, कारण तिच्या मऊ लाकडाच्या पाट्या आणि शाळेतले लिहायचे फळे करत. शांतिनिकेतनात पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांना सातविणीची पानं देण्याची परंपरा आहे, बंगालीत तिला छातिम म्हणतात. तिकडे पदवी, आपल्याकडे डोकेदुखी.

वांग्याचं भरीत | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

मला तो वास आवडतो. दिवाळीच्या आसपास रात्री स्कूटरवरून जाताना आला की बरं वाटतं. खिडकीला टेकलेला वास मात्र वेगळा असणार, वहिनींची बाजू समजते.

शाळेची पाटी | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:२१

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला).

गिरणाकाठ | १५ फेब्रुवारी, रात्री १०:१५

सरांच्या सांगण्याप्रमाणे रविवारी दिवसभर आईच्या खुर्चीत बसलो. आईने विचारलं, "बरं नाही का तुला?"

वहीतलं सांगतो, जरा लाज वाटते.

एक. आई खिडकीकडे पाठ करून बसते, कारण समोर टीव्ही. म्हणजे जो काही उजेड येतो त्यात तिची स्वतःचीच सावली गोधडीवर.

दोन. डासांची जाळी. बसवल्यापासून एकदाही काढली नव्हती. काढून अंगणात धुतली, बादलीतलं पाणी बासुंदीच्या रंगाचं झालं.

तीन, आणि हे माझं पाप. काचेवर काळी फिल्म आहे. मीच लावलेली, २०१४ च्या उन्हाळ्यात, तेव्हा झाड लहान होतं आणि ऊन सरळ आत यायचं. झाड मोठं झालं, फिल्म कोणाच्या लक्षातच राहिली नाही. ब्लेडने खरवडून काढायला दोन तास लागले.

मोबाइलमध्ये उजेड मोजायचं ॲप टाकलं. खुर्चीच्या जागी दुपारी तीनला आधी ४० लक्स दाखवत होतं, जाळी धुऊन फिल्म काढल्यावर ११०. झाडाच्या एका पानालाही हात न लावता. बारीक शिवणकामाला ५०० च्या पुढे धरतात म्हणे, तेव्हा झाडाचा प्रश्न उरतोच. पण माझा निम्मा राग त्याच्यावर उगाच होता.

सर, समोरचं घर दुमजली आहे, मध्ये रस्ता. मेमध्ये सूर्य त्या घरामागे कधी जाईल?

नकाशा आणि वही | १५ फेब्रुवारी, रात्री १०:५०

समोरचं घर वीस फूट उंच आणि खिडकीपासून चाळीस फूट लांब धरलं तर मेमध्ये साडेपाचच्या सुमारास. म्हणजे तुम्हाला सावली हवी ती दोन ते साडेपाच. दोन-तीनला सूर्य चांगला वर असतो, तो बागवानांचे वरचे मजले अडवतील. शेवटचा तासभर ऊन फांद्यांखालून आत येईल, तेवढ्यापुरता पडदा ओढा. खालचा मजला काढला तर उरलेल्या दिवसभर समोरचं मोकळं आकाश मिळेल.

सिव्हिल धुळे | १५ फेब्रुवारी, रात्री ११:०२

आणि कंपाउंडच्या आतल्या बाजूला पांढरा चुना मारा. भिंतीवरून परतून येणारा उजेड फुकटचा असतो.

पुण्यातला खान्देशी | १६ फेब्रुवारी, सकाळी १०:००

उशिरा आलो. तोडून त्या जागी कोनोकार्पस लावा, असा सल्ला कोणी दिलाच तर ऐकू नका. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. इथे अजून लोक कंपाउंडला हौसेने लावतात.

खापरावरची पोळी | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

माय काय म्हनस ते तर सांग भाऊ. बठ्ठा गाव बोली ऱ्हायना.

गिरणाकाठ | १६ फेब्रुवारी, रात्री ९:३०

माय म्हणते, "फांद्या काढा, झाड राहू द्या. पण हे माझ्या मनाने ठरलं असं सुरतेला सांगा."

गिरणाकाठ | ९ मार्च, संध्याकाळी ७:४५

काम झालं. छाटणीचा अर्ज दिला होता, दोन चकरा झाल्या, कागद मिळाला. दोन माणसं, अर्धा दिवस, २,५०० रुपये. खालच्या मजल्याच्या सहा फांद्यांपैकी चार काढल्या. घराच्या विरुद्ध बाजूच्या दोन ठेवल्या, त्या खिडकीच्या आड येत नाहीत. बागवानभाऊंचा प्रतिसाद मोबाइलवर उघडून त्या माणसांना वाचून दाखवला. मोठा माणूस म्हणाला, "आम्हाला माहीत आहे साहेब," आणि पहिल्याच फांदीला वरून करवत लावली. साल वीतभर फाटली. पुढच्या तीन फांद्यांना मी खाली उभा होतो.

चौथी कापताना वर खारीचं घरटं दिसलं, पण ते वरच्या मजल्यावर, तिकडे कोणी गेलं नाही.

खोलीत तीनला आता २८० लक्स. आईची खुर्ची फिरवली, टीव्ही दुसऱ्या भिंतीवर गेला, त्यासाठी वायर ओढायला वेगळे ६०० गेले. सुई ओवायला छोटा टेबललॅम्प घेतला आहे. तो दिवसा लावायचा नाही असं तिने जाहीर केलंय.

चोपड्याचा बागवान | ९ मार्च, रात्री ८:३०

फाटलेल्या सालीचे लोंबते तुकडे धारदार चाकूने साफ कापून घ्या, कडा गुळगुळीत ठेवा. भरेल. फुटवे फुटतील तिथे, कोवळे असतानाच हाताने मोडा.

भुसावळचे मास्तर | २१ एप्रिल, दुपारी ३:२०

गिरणाकाठ, आज आमच्याकडे ४४ आहे. खोलीचं सांगा.

गिरणाकाठ | २१ एप्रिल, रात्री ९:१०

आई आत्ताही त्याच खोलीत बसलीय, पंख्यावर. पाच वाजता पडदा ओढते, साडेपाचला उघडते, घड्याळ लावल्यासारखी. भावाला व्हिडिओ कॉलवर झाड दाखवलं. तो म्हणाला, "काहीच कापलं नाही की."

वासाचा निकाल ऑक्टोबरात. बायकोने कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.

वांग्याचं भरीत | २१ एप्रिल, रात्री ९:२५

आणि बिबड्या?

गिरणाकाठ | २१ एप्रिल, रात्री ९:२७

शेजारच्याच गच्चीवर.